गाडी का बंद पडली

सगळे झोपेत असताना मुलाने बाबांच्या गाडीचं बॉनेट उघडलं, पान्याने बॅटरीची वायर सैल करून काढली, बॉनेट हळूच लावलं आणि तो पुन्हा अंथरुणात शिरला. बँक लुटून आल्यासारखी त्याची छाती धडधडत होती.

दुसरा इलाज नव्हता. आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "तुमच्या बाबांनी आता गाडी चालवता कामा नये. नजर आणि हात, दोन्ही मंदावलेत."

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी? अहो, मी त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलोय. अजून झोपेत दचकतो. तुम्ही सांगा."

बाबांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती आणि त्या अर्ध्या गावाने त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. 'क्लचसर' हे नाव त्यातूनच पडलेलं. पण तेव्हाचा राग गाडीतून उतरलं की संपायचा. आई गेल्यापासून तो घरात मुक्कामाला आला होता. चहा गरम असला तरी राग, निवला तरी राग. दूधवाला पिशवी बाहेरच ठेवून पळायचा. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. अख्खा वर्ग तो नुसत्या नजरेने गप्प करायचा, पण बाबांनी घसा खाकरला की त्याचेच पाढे चुकायचे. गेल्या महिन्यात बाबांनी गाडी मागे घेताना शेजारच्या काकांचं फाटक पाडलं आणि फाटक मध्ये आलं म्हणून वर काकांनाच झापलं. उद्या फाटकाच्या जागी एखादं पोर असलं तर? गेला आठवडाभर त्यांनी गाडी बाहेर काढली नव्हती, हे नशीबच.

वायरचं त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

नाश्त्याच्या वेळी ती म्हणाली, "बाबा, माझं शिलाई मशीन दुरुस्त झालंय. गाडीने जाऊन घेऊन येऊ या का?"

मुलाने घास तसाच ताटात ठेवला. बाबांचाही हात थांबला.

"आजच कशाला?" बाबा म्हणाले.

"आज सुट्टी आहे म्हणून. पण तुम्हाला नको असेल तर..."

"नको कुठे म्हणालो? चला! नंतर म्हणाल, म्हातारा कामाला उपयोगी पडत नाही."

बाबा तावातावाने गाडीत बसले. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा काही नाही.

"आवाजसुद्धा नाही?" ते चक्रावले. "निदान आवाज तरी यायला हवा होता! कोणी हात लावला गाडीला?"

"जुनी झाली बाबा आता," मुलगा म्हणाला.

"जुना मी झालोय! गाडी ठणठणीत आहे!"

"थांबा, मी मेकॅनिकला फोन करते," सून म्हणाली.

"नको!" बापलेक एकदम ओरडले.

त्या घरात बापलेकांचं एकमत झालेलं सुनेने पहिल्यांदाच पाहिलं. त्या आनंदात तिने फोन लावूनच टाकला.

मेकॅनिकही बाबांचाच शिष्य. त्याने लांबूनच नमस्कार केला आणि बॉनेटमध्ये डोकं खुपसलं.

"सर, बॅटरीची वायर काढलीय कोणीतरी. आपोआप नाही निघत ही."

"चोर!" बाबा गरजले.

शेजारचे काका नव्या फाटकावरून डोकावले. "चोर? पोलिसांना बोलवा!"

"चोर गाडी पळवायला येईल की बंद पाडायला?" मुलगा कसाबसा म्हणाला.

"तू गप्प बस. चोरांची वकिली करतोय!"

मेकॅनिकने वायर जोडली. "मारा चावी, सर."

गाडी नुसती घुरघुरली. सुरू होईना. आता बाबा ओरडतील म्हणून सगळे दोन पावलं मागे सरकले, पण बाबा ओरडले नाहीत. ते घाम पुसत होते. मेकॅनिक स्टिअरिंगखाली वाकला.

"अरेच्चा! इंजिनला पेट्रोल देणाऱ्या पंपाचा फ्यूजच नाहीये. जळलेला नाही हं, काढून नेलाय."

"म्हणजे दोन चोर!" काकांनी फोन बाहेर काढला. "टोळी आहे टोळी. थांबा, पोलिसांनाच लावतो."

"काका, फोन ठेवा," मुलगा म्हणाला. "वायर मी काढली."

"आणि मला सांगितलं नाही?" सून म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले, बाबांनी गाडी चालवायची नाही. बाबा, तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. पण फ्यूज मी नाही काढला, शप्पथ! फ्यूज कुठे असतो तेसुद्धा मला माहीत नाही."

"ते कळतंय," बाबा म्हणाले. त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालाखालून फ्यूज काढला आणि मेकॅनिकच्या तळहातावर ठेवला. "लाव."

"सर, तुम्ही?"

"माझी गाडी, माझा फ्यूज! कोणाची परवानगी काढायची होती?"

"पण का, बाबा?" सुनेने विचारलं.

बाबा स्टिअरिंगकडे बघत बोलले. "मागच्या आठवड्यात पाव आणायला गेलो आणि घरचा रस्ताच सापडेना. नुसता फिरत राहिलो. ही होती तोवर शेजारी बसून सांगायची, आता डावीकडे घ्या, आता उजवीकडे. मी खेकसायचो, मला शिकवू नकोस म्हणून. मला वाटायचं, रस्ता मलाच माहीत आहे."

"मग आम्हाला सांगायचं ना!"

"काय सांगायचं? गाडी बंद पडली तर लोक मेकॅनिकला बोलावतात. म्हातारा बंद पडला तर?"

काकांनी फोन खिशात घातला आणि उगाचच फाटकाची कडी हलवून पाहिली. मेकॅनिकने फ्यूज बसवला. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

बाबा खाली उतरले, वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि मुलाकडे बघून ओरडले, "बघतोस काय? बस! मशीन आणायचंय ना?"

सून मागे बसली. गाडी निघाली.

"आरसा बघ. क्लच! अरे क्लच म्हणतोय, पाय आहे की ओंडका? तुला शिकवलं कोणी?"

"तुम्हीच, बाबा."

"अर्ध्यात पळून गेला होतास!"

चौक आला. मुलाने गाडी हळू केली. "बाबा, कुठे वळू?"

बाबांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"मला काय विचारतोस, गाढवा? मागे बायको कशाला बसलीय?"

"डावीकडे," सून म्हणाली.

"ऐकलंस? घे डावीकडे. आणि तिच्यावर ओरडू नकोस."