फाल्गुनात या

आमच्या सुमनमावशीनं दोन वर्षांपूर्वी दिवाळी आटोपल्या आटोपल्या पलूसच्या घराच्या दारावरची बेल काढून टाकली आणि तिथं पाटी लावली: ‘आत शीतनिद्रा सुरू आहे. हाका मारू नयेत. फाल्गुनात या.’

पाटीखाली नाव नव्हतं, पण अक्षर सगळ्या गावाच्या ओळखीचं. मावशी तिथल्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायची. निम्म्या गावाच्या उत्तरपत्रिकांवर त्या अक्षरात लाल शेरे पडलेले. निवृत्त झाली ती फक्त पगारातून. शिकवणं काही थांबलं नाही.

त्यातही शीतनिद्रा हा तिचा लाडका विषय, आणि तो तिला लग्नातून मिळालेला. मावशीचे यजमान, आमचे सुभेदारकाका, फौजेत बरीच वर्षं लडाखला होते. सुटीवर आले की तिथल्या फ्यांच्या गोष्टी सांगायचे. फ्या म्हणजे खारीच्या गोतातला, पण मांजराहून थोराड प्राणी. निम्मं वर्ष खातो, निम्मं वर्ष बिळात अख्ख्या कुटुंबाची मोळी करून पडून राहतो. मावशीनं त्यावर मिळेल ते वाचून काढलं आणि नातेवाइकांपैकी जो सापडेल त्याला ऐकवलं. मी बऱ्याचदा सापडायचो, कारण तिच्याकडचे बेसनाचे लाडू चांगले असतात.

“मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो,” ती सांगायची. “बदामाएवढा, पण रुबाब सासूचा. कुणी कधी जेवायचं, कधी निजायचं, घरात ऊब किती ठेवायची, सगळं तोच ठरवणार. रात्री लांबल्या की मेलाटोनिन वाढतं, थायरॉइडचा जोर ओसरतो, आणि सासूबाई हुकूम सोडतात, चूल मंद करा. विझवायची नाही हं. मंद!”

‘विझवायची नाही, मंद’ हे तिचं पालुपद. पुढं काळीज मिनिटाला जेमतेम चार-पाच ठोके कसं देतं, अंग बिळाच्या मातीइतकं गार कसं पडतं, हे ऐकेपर्यंत माझा तिसरा लाडू संपलेला असायचा.

“तुझा मेंदू लेप्टिनला बहिरा झालाय,” ती एकदा म्हणाली.

“म्हणजे काय?”

“लेप्टिन म्हणजे पोट भरलं असं मेंदूला सांगणारा निरोप्या. थंडीच्या आधी प्राण्यांचा मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. तेवढ्यापुरता. तुझा मेंदू बारा महिने ऐकत नाही.”

मी चौथा लाडू परत ठेवला. तिची पाठ वळल्यावर पुन्हा उचलला.

तर ती पाटी. आतमध्ये निद्रा चालली होती ती सुभेदारकाकांची. पहिला सामना दूधवाल्याशी झाला.

“बाई, सुभेदार अजून झोपल्यात व्हय?”

“झोपलेले नाहीत. शीतनिद्रेत आहेत. फरक आहे त्यात.”

“आमची म्हस बी कालधरनं उठंना बगा. तिला बी ह्येच झालं आसंल का?”

“म्हशीला शीतनिद्रा नसते. ढोराच्या डॉक्टरला बोलीव.”

“आन सुभेदारास्नी?”

“तू दूध ओत,” मावशी म्हणाली.

आमच्या भागात थंडीत असला कार्यक्रम काढणं म्हणजे आधीच कठीण. इथला साखर कारखाना उलट्या जातीचा प्राणी. पावसाळाभर निजतो, थंडीत जागा होतो, आणि एकदा जागा झाला की तालुक्याला झोपू देत नाही. उसाचे ट्रॅक्टर स्पीकरवर गाणी लावून दारावरून जाणार. मावशी एके दिवशी सरळ ट्रॅक्टरपुढं उभी राहिली.

“बंद कर रं ते! कुठल्या वर्गातला तू?”

ड्रायव्हर खाली उतरला. “धाव्वी ब, बाई.”

“हायपोथॅलॅमस कुठं असतो?”

त्यानं डोकं खाजवलं. “तासगावच्या पुढं काय वो?”

“डोक्यात असतो! असला तर!”

त्या दिवसापासून तिच्या घरापाशी आलं की ट्रॅक्टर मुके व्हायचे. पण चहाच्या गाड्यावर मावशीचा विषय निघाल्याशिवाय कुणाचा कप रिकामा होत नव्हता. “बाईंचं काय खरं न्हाई आता. शिकवून शिकवून डोस्क्यावर परिनाम झाला.” त्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा सुभेदार इस्त्रीचे कपडे घालून, बूट चमकवून, मावशीबरोबर मिरजेच्या एसटीत बसलेले दिसायचे. कुणी विचारलंच तर मावशीकडं उत्तर तयार. “ही मधली जाग. फ्यांनाही येते. गार पडलेल्या मेंदूतले धागे सैल होतात, ते जुळवायला अधूनमधून गरम व्हावं लागतं.”

“मग मिरजंलाच का?”

“हवापालट.”

गाडा आणखी आठवडाभर हसायचा.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो. मावशीनं तोंडावर बोट ठेवूनच दार उघडलं. आतल्या खोलीत काका फौजेतलं ब्लँकेट ओढून भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी येऊन जाईपर्यंत कूस बदलली नाही. एरवी हा माणूस माझ्या पाठीत थाप मारून मला खोकला आणायचा. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईनं डोळ्याला पदर लावला. “सुमीचं डोकं फिरलं रे. तिच्या नादात धडधाकट माणूस अंथरुणाला खिळायचा. तू नोकरीला सांगलीत असतोस, मिरज जवळ. डोक्याच्या एखाद्या चांगल्या डॉक्टरची चौकशी करून ये.”

मी गेलो. दवाखान्याचा जिना चढून बाकावर बसलो. शेजारी कोण, तर मावशी. तिच्या पलीकडं गळ्यापर्यंत बटणं लावलेले सुभेदारकाका.

“तू इथं?” मावशी म्हणाली.

मी आयुष्यात एवढ्या चटकन खोटं बोललो नव्हतो. “झोप लागत नाही गं.”

“तुला? पंगतीत घोरणारा तू!”

काकांचं नाव पुकारलं. ते उठले, माझ्याकडं बघून मान हलवली, आणि आत गेले. चाल फौजी होती, पण कुणीतरी लांबून हुकूम देतंय आणि तो उशिरा पोचतोय अशी. मावशी मागं थांबली.

“यांच्या निवृत्तीनंतर पहिले महिने बरे गेले,” ती म्हणाली. “मग बोलणं कमी झालं. जेवण कमी. दिवाळीत तर उठेचनात. डॉक्टर म्हणतात, हा आजारच आहे, औषधानं उतरतो, वेळ लागतो.”

“मग ती शीतनिद्रा?”

“माणसाला शीतनिद्रा नसते रे. जीवशास्त्राची बाई आहे मी, मला कळत नाही होय? पण सबंध पलटणीत ज्यांचा दरारा, त्यांना गाड्यावर बसून कुणी येडा म्हटलेलं सोसलं नसतं. आणि लोक काहीतरी म्हणणारच. मग म्हटलं, मलाच म्हणू देत. मला तर तुम्ही आधीपासून म्हणता.” मग एकदम मान वळवून, “माझ्या ताईनंच पाठवलं ना तुला?”

मी मान डोलावली.

“उठतील ना गं काका?”

“चूल मंद आहे,” ती म्हणाली. पुढचं नेहमीचं म्हणायला तिला जरा वेळ लागला. “विझलेली नाही. फ्या जागा होतो तो बाहेरून शेकून नाही. खांद्यांमधली चरबी आतून पेटावी लागते. बाकीच्यांनी फक्त अंगाला अंग लावून जवळ राहायचं.”

घरी येऊन मी आईला सांगितलं, मावशी ठणठणीत आहे. आईनं मलाच डॉक्टरला दाखवायचा विषय काढला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी पलूसला गेलो. फाल्गुन लागून किती दिवस झाले तरी पाटी तिथंच. दार वाजवायला हात उचलला, तेवढ्यात ते आतून उघडलं. समोर काका. दाढी केलेली, हातात झारा, मागून भज्यांचा वास.

“काका!”

“आवाज न्हाई,” ते दबक्या आवाजात म्हणाले आणि बाजूला झाले. सोप्यातल्या आरामखुर्चीत मावशी भरदुपारी गाढ निजली होती. तोंड उघडं, चष्मा कपाळावर, अंगावर फौजेतलं ते ब्लँकेट, पायापर्यंत नीट खोचलेलं.

“पाटी काढायची न्हाई आजून,” काका म्हणाले. “लय दिस जागी हाय ती.”

आणि थाप मारायला उचललेला हात त्यांनी माझ्या पाठीवर हळूच ठेवला.