पोरी झोपून राहिल्या

आमच्या पांढुर्ण्यात मारोतरावांचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडायचा नाही. संत्र्याच्या मंडीत हर्रास बोलायचं त्यांचं काम. ढिगाजवळ उभे राहून ते बोली पुकारू लागले की रस्त्यापलीकडच्या गाई कान टवकारायच्या. घरीही तोच आवाज. जेवताना मीठ मागितलं की अख्ख्या गल्लीला कळायचं, आज वहिनींचं वरण अळणी झालं.

आणि हाच माणूस एका हिवाळ्यात घरी कुजबुजायला लागला!

"गुरुजी, चपला हातात घ्या," मला दारातच म्हणाले. "पोरी झोपून राहिल्या."

मी चक्रावलो. कोणत्या पोरी? घरात नवरा-बायको दोघंच. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पाळणा काही हलला नव्हता.

मारोतरावांनी बोट दाखवलं. रांजणामागे, गार कोपऱ्यात, काळं फडकं गुंडाळलेली लोणच्याची काचेची बरणी. आत माती, मातीत मुंग्या. पावसाळ्यात संत्र्याच्या कलमांसाठी खड्डे खोदताना दगडाखाली सापडलेल्या. "फावड्याखाली आल्या असत्या जी," म्हणून उचलून आणल्या. मोठी ती माय, बाकीच्या वीसेक पोरी. थंडी पडली तशा साऱ्या एकमेकींना चिकटून गप्प झाल्या. शेतकीच्या एका साहेबानं सांगितलं, झोपू द्या, गारव्यात ठेवा, ओल्या कापसाशिवाय काही देऊ नका.

झालं! रेडिओ बंद. खलबत्ता बंद. वहिनी बिचाऱ्या मिरच्या कुटायला आमच्याकडे यायच्या. शिंक आली की मारोतराव नाक दाबून अंगणात पळायचे.

संक्रांतीला दोघं जामसांवलीला मारोतीच्या दर्शनाला निघाले आणि बरणी माझ्या हवाली झाली. "हात नका लावू, गुरुजी," दहा वेळा बजावलं.

आता चूक माझीच, बायकोवर ढकलत नाही. मुंग्यांना साखर-पीठ घालणारे आपण लोक, अन् सणाच्या दिवशी घरी आलेल्या मुंग्या उपाशी? मी तिळगुळाचा खडा आत टाकला. बरणी हाताला बर्फासारखी लागली. जीव कळवळला. अंगणात गोधड्या उन्हात टाकल्या होत्या, त्यांच्यावरच ठेवून दिली. घटकाभरात पोरी काय धावायला लागल्या! मी खूश. म्हटलं, पुण्य लागलं. दुपारी पाहतो तर काचेला आतून वाफ, अर्ध्या पोरी उताण्या, आणि माय हलेना.

संध्याकाळी मारोतराव आले. बरणी पाहिली. मी डोळे मिटून घेतले, आता पार पलीकडच्या सौसर गावापर्यंत ऐकू जाणार.

"काहून केलं जी असं?" ते कुजबुजले.

"अहो, ओरडा ना माझ्यावर!" मला रडूच फुटलं.

"हळू बोला, गुरुजी. माय झोपलीच असन तर?"

बरणी मीच त्यांच्या घरी पोचवली, निघताना वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. "आमच्या घरी कोनी झोपलं म्हणून हळू बोलावं लागलं, असं कधी झालंच नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "यंदा पहिल्यांदा झालं. मले बी बरं वाटून राहिलं होतं."

मग रोज शाळेत जाताना मी त्यांच्या दारात चपला काढून उभा राहायचो. बरणी पुन्हा रांजणामागे, कापूस रोज ओला. मारोतराव नुसती मान हलवायचे. नाही. मी मारोतीला नारळ कबूल केला.

होळी आठवड्यावर आली, ऊन तापायला लागलं. मी दाढी करत बसलो होतो, आणि गल्लीच्या त्या टोकाहून मंडीतला आवाज फुटला, "गुरुजीऽऽ! माय हालली! पोरी उठल्या होऽऽ!"

वस्तरा गालाला लागला. तसाच साबणासकट धावलो. वहिनी डोक्यावर पदर घेऊन दारोदार साखर वाटत होत्या. मारोतराव अंगणात उभे राहून ओरडतच होते. शेजारच्या दोन घरांतली पाळण्यातली लेकरं दचकून उठली, रडायला लागली. पण त्या दिवशी त्यांना कोणी हळू बोला म्हटलं नाही.