शेळके मास्तरांचा कोंबडा

नवरदेवाच्या घोड्यापुढे बांबूला बांधलेला कोंबडा मिरवत चालणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? कोंबडा जिवंत नव्हे, रंगवलेला. पण वरपक्षाला राग यायचा तो येतोच. आमच्या मिरजगावात हा छळ आम्ही बँडवाल्यांनी वर्षानुवर्षं सोसला. छळणाऱ्याचं नाव शेळके मास्तर, पेन्शनीत निघालेले चित्रकलेचे शिक्षक.

मी दिवसा कपडे शिवायचो आणि लग्नसराईत हरिभाऊच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. मास्तर बँडचे कोणीही नव्हते. तरी आमच्या प्रत्येक गाण्याला त्यांनी एकेक चित्र नेमून दिलं होतं. मांजरपाटावर रंगवायचं, चौकटीला ठोकायचं, बांबूला बांधायचं. संथ गाण्याला तळ्यातला चंद्र, पाठवणीच्या गाण्याला वळणावरची बैलगाडी, आणि ज्या उडत्या गाण्यावर पोरं धुरळा करायची, त्याला हा तांबडा कोंबडा. "गाण्याला चेहरा असतो, लेको! बिनचेहऱ्याचं वाजवता कशाला?" हे त्यांचं पालुपद.

नवं गाणं बसवलं की आधी मास्तरांच्या ओट्यावर हजेरी. तिथं मास्तरीणबाईही बसायच्या. तापात त्यांचे कान गेले ते कायमचे, हे सगळ्या गावाला ठाऊक. आम्ही वाजवायचो आणि मास्तर बाईंचा हात हातात घेऊन तळहातावर ठेका धरायचे. या वयात, चारचौघांत, असलं काय! आम्ही माना खाली घालायचो. मग मास्तर आठवडाभर रंगवणार, आणि रंग वाळेपर्यंत ते गाणं त्यांच्या गल्लीत वाजवायचं नाही म्हणे. गल्ली काय यांच्या तीर्थरूपांची? पण मारुतीच्या देवळाची वाट तिथूनच जायची.

गल्लीच्या तोंडाशी मास्तर बांबू घेऊन उभेच. ते दाखवतील त्या चित्राचंच गाणं वाजवायचं. बरं, ते चित्र मिरवणुकीला नीट दिसावं तरी? तेही नाही. एकदा आम्हाला दाखवायचं आणि लगेच घरांकडे तोंड करून फिरवायचं. पुढे चौकटीची मागची बाजू बघत आम्ही वाजवतोय.

दुष्काळाच्या त्या साली लग्नं आधीच मोजकी. त्यात एका वरबापानं कोंबडा पाहून आमची पुढची सुपारीच काढून घेतली. हरिभाऊ पेटला. "आता लई झालं. त्याला दावायचं ते दावू दे. आपुन दुसरंच वाजवायचं. बघू काय करतोय!"

पुढच्याच लग्नात परण्या निघाला, म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघाला, तेव्हा मास्तरांनी चंद्र उंचावला. हरिभाऊनं कोंबड्याचं गाणं धरलं. पोरं नाचायला लागली. मास्तर लालबुंद. "अरे थांबा! डोळे फुटले का तुमचे? चंद्र आहे, चंद्र!" आम्ही आणखी जोरात फुंकलं.

तेवढ्यात करवल्यांचा हशा कानावर आला. मास्तरांच्या दारात मास्तरीणबाई बसल्या होत्या. नजर त्या चंद्रावर. बोटं उंबऱ्यावर ठेका धरत होती, संथ, एकाही मात्रेची चूक न करता, चंद्राच्या गाण्याचा. इकडे ढोल धडधडत होता आणि करवल्या त्यांच्या बोटांकडे बघून हसत होत्या. बाईंना वाटलं, पोरी आपल्याशी हसतायत. त्याही हसल्या.

मास्तर ओरडायचे थांबले. बांबू तेवढा त्यांनी हलू दिला नाही.

हरिभाऊनं हात वर केला. बँड गप्प झाला. "चंद्राचं घ्या," तो म्हणाला.

पोरं खवळली. "ओ हरिभाऊ, नाचायचं हाय आमाला!"

"मंग हळू नाचा!" हरिभाऊ त्यांच्यावर खेकसला.

आम्ही संथ गाणं धरलं. ढोलाचा ठोका आणि बाईंची बोटं बरोबर पडायला लागली. करवल्या हसायच्या थांबल्या. बाई चंद्राकडे बघत मान डोलवत राहिल्या. गल्ली संपली तरी हरिभाऊ पुढे सरकेना.

मला संताप येतो तो याचा, की इतकी वर्षं मास्तरांनी आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? देवळापाशी मी त्यांना तसं विचारलं, तर माझ्यावरच डाफरले. "ते राहू दे. अंतऱ्याला तुझी क्लॅरिनेट बेसूर का झाली, ते सांग."

बेसूर झाली! ओठ थरथरत होते, त्याला मी काय करणार?