सुखदेवचा इंग्रजीचा उपास

आमच्या अनसिंगचा सुखदेव सोमवारी आणि गुरुवारी मराठी बोलत नसे. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत फक्त इंग्रजी. मग समोर तलाठी असो, न्हावी असो, नाहीतर म्हैस असो. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट असेल. एका उन्हाळ्यात त्याने हे सुरू केलं आणि सगळ्या गावाला चक्रावून सोडलं.

सुखदेव शेतकीची पदवी घेऊन पुढचं शिकायला अमेरिकेला गेला होता. आमच्या वस्तीतून तोवर मुंबईलासुद्धा फारसं कुणी गेलेलं नव्हतं. दीडेक वर्षाने परत आला तो रिकाम्या पिशव्या घेऊन. त्याला प्रबंधासाठी आपल्याकडची काळी माती हवी होती. लोक अमेरिकेतून घड्याळं आणतात, रेडिओ आणतात. हा पठ्ठ्या इथली माती न्यायला आलेला! त्याची आई, म्हणजे आमच्या गयाकाकू, अंगणात वाळत घातलेल्या मातीवरून दिवसभर कोंबड्या हाकलायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, "तिकडं जमीन नाही काय हो?"

मातीचं कोडं सुटायच्या आत हे इंग्रजीचं आलं. मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून मला त्याने खरं कारण सांगितलं.

"दादा, मले लिहिणं जमते, बोलणं नाही जमत. मांगच्या खेपेले प्रोफेसर लोकायच्या समोर उभा राह्यलो अन् तोंडच उघडलं नाही. आता गेलो की पुन्हा तोंडी परीक्षा हाये. यावेळी गप राह्यलो तं बिस्तरा बांधून वापस."

घरी गेलास तरी इंग्रजी सोडू नकोस, असं त्याच्या प्रोफेसरने बजावलं होतं. सांगणाऱ्याने सहज सांगितलं असेल, पण सुखदेवने वार ठरवले, नेम धरला. काकूंनी कपाळावर हात मारला. "आमी दीक्षा घेतली तवा सारे उपास-तापास सोडले, अन् हे पोट्टं अमेरिकेतून नवाच उपास घेऊन आलं!"

आता आमच्याकडे बाजाराचा वार सोडला तर दुसरा वार लक्षात ठेवतो कोण? केनवडचे एक गृहस्थ मुलीचं स्थळ घेऊन आले, ते नेमके गुरुवारी. त्यांनी शेती विचारली, सुखदेवने इंग्रजीत सांगितली. नोकरीचं विचारलं, तेही इंग्रजीत. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा लय शिकला म्हणता मास्तर, मंग त्याले मराठी काहून येत नाही?" स्थळ गेलं ते गेलंच.

एका सोमवारी शेजारच्या नामदेवचा बैल दावं तोडून दुसऱ्याच्या कडब्यात घुसला. जवळ एकटा सुखदेव. तो दोन्ही हात पसरून बैलापुढे उभा राहिला आणि ओरडला, "स्टॉप! प्लीज स्टॉप!" अमेरिकेतले बैल 'प्लीज' म्हटल्यावर थांबत असतील, हा काही थांबला नाही. नामदेव लांबून धावत बोंबलत होता, "अरे मराठीत बोल नं बाप्पा! अनसिंगचा बैल हाये तो!" पण दिवस मावळायचा होता. सुखदेवने नेम मोडला नाही, बैलाने मात्र कडब्याची गंजी मोडली.

एवढं करूनही त्याचं गाडं पुढे सरकत नव्हतं. मला परीक्षक करून तो मातीवर बोलायला उभा राही आणि तिसऱ्या वाक्याला अडके. कपाळाला घाम, हातात मातीचं ढेकूळ, नजर जमिनीत. मी धीर देई, पण मनात म्हणे, कठीण आहे बुवा या पोराचं.

त्याची जायची तारीख जवळ आली. एका गुरुवारी दुपारी मी त्याच्या घरी निघालो, तर कुडापलीकडून इंग्रजी ऐकू आलं. न अडखळता, भराभर. मी जागीच थांबलो. काकू सुपात ज्वारी पाखडत होत्या आणि हा त्यांच्यासमोर उकिडवा बसून बोलत होता. मला आनंद झाला. म्हटलं, आला पोरगा वळणावर!

मग शब्द कानात शिरू लागले. त्यात माती कुठेच नव्हती. तो आईला सांगत होता, की सुट्टीच्या दिवसांत माझ्या खोलीचं दार कुणी वाजवत नाही. दुकानातली बाई 'कसा आहेस' म्हणून विचारते, तेवढ्यासाठी मी नको असलेली वस्तू घेऊन येतो. वर्गात माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पोरं एकमेकांकडे बघतात, म्हणून मी बोलणंच टाकलं. मला परत जायचं नाही, माय. पण तू साऱ्या गावात माझं नाव घेत फिरतेस, तुला मी हे कसं सांगू?

काकू मान हलवत होत्या आणि पाखडत होत्या.

तो घागर घेऊन विहिरीकडे गेल्यावर मी आत गेलो. त्यांना सांगावं की नाही, मला काही सुचेना. शेवटी म्हणालो, "काकू, तो काय सांगत होता, कळलं का?"

"मले कुठं येते इंग्रजी?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "पण तिकडं त्याचं कोनी नाही, एवढं समजते. दर खेपेले तेच सांगते तो." पदराने त्यांनी डोळे पुसले आणि दाराकडे बघत आवाज खाली आणला. "मले समजते असं त्याले सांगजो नको, मास्तर. नाही तं मंग बोलाचाच नाही तो."

सुखदेव परत आला, घागर ठेवून पुन्हा आईसमोर टेकला. मला पाहून तो जरा बावरला. मी पिशव्यांतली माती निरखत असल्याचं सोंग केलं.

काकूंनी सूप उचललं, दोनदा पाखडलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या, "मंग?"

आणि तो इंग्रजीत पुढे सांगू लागला.