धुवा, वाळवा, टाका

मी चौतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलंय. शेंबड्या पोरापासून त्याच्या हट्टी आजोबांपर्यंत कुणालाही काहीही समजावून सांगू शकते, आणि हे मी सगळ्यांना सांगतही असते. त्यामुळे पुनर्वापराच्या डब्यांत न धुतलेल्या बाटल्या बघून सान्तियागोतल्या आमच्या इमारतीकडे कचऱ्याच्या गाडीने दुसऱ्यांदा पाठ फिरवली, तेव्हा मी भर सभेत म्हटलं, "माझ्यावर सोडा!"

तिसऱ्या मजल्यावर हैतीहून नुकत्याच आलेल्या भाडेकरूंवर खापर फोडून सगळे मोकळे झाले होते. पण डब्यांवरच्या सूचना म्हणजे मुंगीएवढी अक्षरं. मलाच चष्मा लावून कळत नव्हत्या, त्यांना काय डोंबल कळणार! मी शब्दच काढून टाकले. प्रत्येक डब्यावर तीन चित्रं: नळाखाली बाटली, उन्हात बाटली, डब्यात बाटली. सूर्याला डोळेसुद्धा काढले.

आठवड्याभरात डबे लखलखीत बाटल्या-बरण्यांनी भरू लागले आणि संध्याकाळपर्यंत रिकामे होऊ लागले. बरण्या गायब, बाटल्या गायब! मग त्यांच्या जागी भलतंच येऊ लागलं. घडी घातलेला सदरा, पॉलिश केलेले बूट, झाकणासकट पातेलं. दारवान बाल्दोमेरो म्हणाला, "बाई, कचरा गोळा करताय की दुकान टाकलंय?" मी त्याला गप्प केलं आणि सूर्य आणखी मोठा काढला.

तिसऱ्या मजल्यावर यूदलीन राहायची. जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, तिची पाच महिन्यांची नाइका न्यूमोनियाने गेली. दफनाला आम्ही सगळे गेलो होतो. एवढीशी पेटी होती. तेव्हापासून यूदलीन दाराबाहेर फारशी पडत नव्हती. नाइकाचं सामान वाया जाऊ नये, तळमजल्यावरच्या यारीत्साच्या होणाऱ्या बाळाला ते मिळावं, एवढी एकच इच्छा तिने मनात धरली होती. अख्ख्या जिन्याला हे माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी चित्रं रंगवत बसले होते.

ऑगस्टातल्या एका शनिवारी ती स्वतःच खाली आली. हातात नाइकाची दुधाची बाटली, उकळून, पुसून, रुमालात गुंडाळलेली. तिने रुमाल सोडला आणि बाटली प्लॅस्टिकसाठीच्या डब्यात हलकेच उभी ठेवली.

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, आनंदाने! माझी पहिली विद्यार्थिनी पास झाली होती. फक्त बाटली चेपायची राहिली होती. ते चित्र मी काढलंच नव्हतं, म्हणून म्हटलं, करूनच दाखवावं. बाटली उचलली, तिच्याकडे बघून हसले आणि टाचेखाली घेतली. चांगली पक्की होती, दोनदा जोर द्यावा लागला.

यूदलीन ओरडली नाही. बाल्दोमेरोनेच कपाळावर हात मारला.

"यारीत्साच्या बाळासाठी होती ती, बाई," ती म्हणाली.

"अगं, पण हा कचऱ्याचा डबा आहे."

"टाकायची वस्तू कोण धुऊन ठेवतं? आमच्याकडे धुऊन ठेवली, म्हणजे ती दुसऱ्याला द्यायची असते."

तिने वाकून ती चेपलेली बाटली उचलली. "आता हिचं काय करायचं?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच माहीत नव्हतं. आणि मी मेलीने काय करावं? डब्यावरच्या चित्राकडे बोट दाखवलं.

ती अंगणातल्या नळावर गेली. बाटली पुन्हा धुतली, जिथवर बोट जाईल तिथवर आतून, अगदी बुचासकट. मग ती हातात धरून उन्हात उभी राहिली. मीही शेजारी जाऊन उभी राहिले. थंडीतलं ऊन ते, वाळायला फार वेळ लागला.