सायकलवरची पाठवणी

वडील म्हणाले होते, "शेजारच्या निंबाची दमणी मागून घे. बैलही तो देईल. सुनेला घेऊन ये." एवढं ऐकून गप्प बसलो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी म्हणालो, "दमणी कशाला, नाना? सायकल आहे की."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. मी काही फार बोलणारा माणूस नाही. मराठी पाचवीत शाळा सुटली, तेव्हापासून पाचोऱ्याच्या एका जिनात कापसाच्या गठाणींवर शाईनं मार्का मारतो, आणि गठाणी काही माणसाला बोलायला लावत नाहीत. पण लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं होतं, भडगावकडची सर्व्हिस मोटर बंद पडली होती, आणि माझ्याकडे नवीन सायकल होती. (नवीन म्हणजे मला नवीन. माझ्याआधी धुळ्याच्या कचेरीतला एक कारकून तिच्यावर अकरा वर्षं बसला होता.) मुख्य म्हणजे ती बायकोनं अजून पाहिली नव्हती.

"सुनेला कुठं बसवशील?" नानांनी विचारलं.

"मागं कॅरिअर आहे."

नानांनी कॅरिअरकडे असं पाहिलं, की मीच वर खाली पाहू लागलो. मग म्हणाले, "कर काय करायचं ते. पण आजच आण. उद्या अमावास्या, आणि परवापासून अधिक महिना लागतो. आज राहिली म्हणजे महिनाभर राहिली."

ते खरं होतं. अधिक महिन्यात आमच्याकडे लेकीला माहेरीच ठेवून घेतात आणि जावयाला अनारसे खायला बोलावतात. अनारशांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बायको आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली त्याला सत्तावीस दिवस झाले होते. (हे दिवस मोजायला मला कोणी सांगितलं नव्हतं.) तिचं नाव भागा. हे मी इथं लिहितोय. तोंडानं अजून एकदाही घेतलेलं नाही.

आता सायकलबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. मला जिनातल्या हिलालनं सायकल शिकवली ती ओट्यावरून. आमच्या ओट्याला सायकल लावायची, ओट्यावरून टांग टाकायची, निघायचं. जिनात पोचलं की तिथल्या ओट्यावर पाय टेकायचा, उतरायचं. ओट्यावाचून चढायची आणि उतरायची एक रीत असते असं मी ऐकून होतो, पण गरज पडली नव्हती. वाटेत गिरणा नदीच्या वाळूत सायकल आपोआप पडली, मी तिला हातानं पलीकडे नेलं आणि एका बांधावरून पुन्हा चढलो. सकाळी नऊच्या सुमारास मी सासुरवाडीत शिरलो तेव्हा मनात एकच विचार होता: सासऱ्यांचा ओटा.

ओटा होता. पण त्यावर माणसं होती.

मधोमध तोताराम आबा बसले होते. हे बायकोचे चुलत आजोबा. त्या घरातली कोणती लेक कधी यायची आणि कधी जायची, ते आबा ठरवतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना गावातली वडीलधारी मंडळी. आता जावई झाला म्हणून काय आजेसासऱ्यांच्या मांडीजवळ पायताणासकट पाय टेकवायचा? मी हँडल वळवलं. समोर मारुतीचा पार होता. त्याला वळसा घालून परत येईपर्यंत कोणीतरी सरकेल असं वाटलं.

"जवाई उनात," आबा म्हणाले.

"राम राम," मी म्हणालो. तोवर मी पारामागे गेलो होतो.

दुसऱ्या फेरीला आबांनी विचारलं, "घर बठ्ठा खुशाल शेतस ना?"

"हो, नाना आणि आई..."

तिसऱ्या फेरीला मी वाक्य पुरं केलं, "...खुशाल आहेत."

"अन् पानीपाऊस?"

याचं उत्तर मी चौथ्या फेरीला दिलं. कोणीही सरकलं नाही. उलट मला बघायला आणखी दोघं येऊन बसले. पाचव्या फेरीला ओट्यावरचे एक म्हातारबाबा म्हणाले, "आबा, जवाई मारुतीले फेऱ्या मारी ऱ्हायनात."

आबांनी कपाळावर हात आडवा धरून मला नीट पाहिलं. "आधी देव, मंग सासरा. भाविक शे पोऱ्या. अकरा मारी."

आता अकरा मारणं भाग होतं. दाराआड बांगड्या वाजल्या, त्या कोणाच्या ते मी ओळखलं, आणि पुढच्या सहा फेऱ्या मी बऱ्याच ताठ बसून मारल्या. बाराव्याला मात्र पाय राहिले नाहीत. शेजारी कडब्याची गंजी होती, तिच्यात मी सायकलसह शिरलो. मला बाहेर काढताना आबा म्हणाले, "ऊन लागनं व्हई." एकूण माझं स्वागत फार चांगलं झालं.

जेवण झाल्यावर मी पाठवणीचं काढलं. आबा उठले, सायकलीभोवती एक चक्कर मारली, आणि मागच्या चाकापाशी थांबले.

"बैल कोठे शेतस?"

"याला बैल लागत नाहीत, आबा."

"जू?"

मी हँडलकडे बोट दाखवलं.

"लेक गाडीमा जास," आबा म्हणाले. "अधिक सरी गया म्हणजे दमणी लई या."

माझ्या सासूबाई, सुंदरबाई, दारातून हळूच म्हणाल्या, "आबा, पोरगीनं गाठोडं बांधी ठेयेल शे." आबांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी मला त्यांच्या घरची रीत सांगितली. लेक एकदा वाहनावर बसली, की गावची शीव ओलांडेपर्यंत तिचा पाय जमिनीला लागता कामा नये. लागला तर पाठवणी मोडली. लेक उलट्या पावली घरी येते आणि पुन्हा चांगला दिवस बघावा लागतो. बैलगाडी कुठे जाग्यावर उभी राहिली तरी लेक आपली आत बसलेली असते. पण ही दोन चाकांची वस्तू थांबली की आडवी. मग लेकीनं पाय टेकायचा नाही तर काय करायचं?

मुद्दा बरोबर होता. मुद्दा बरोबर असला की मी नेहमी गप्प बसतो. पण दाराआड पुन्हा बांगड्या वाजल्या, यावेळी जरा रागानं, आणि मी त्या दिवशीचं दुसरं वाक्य बोललो.

"आबा, मी थांबतच नाही."

इतकं खरं वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन. आबांना अकरा फेऱ्या आठवल्या असाव्यात. त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली. मग म्हणाले, "ठीक. पन पाय टेकना तं लेक मनी, घर परत."

पाठवणी झाली ती रीतसर झाली. जू नाही म्हणून हँडलला हळदकुंकू लावलं. चाकापुढं नारळ फोडला. गाडी निघताना बैलांना गूळ देतात; सासूबाई गुळाचा खडा हातात घेऊन सायकलीभोवती घुटमळल्या, आणि शेवटी तो त्यांनी माझ्या तोंडात घातला. कुरडयांचा डबा हँडलला बांधला गेला. ओटा यावेळी माझ्यासाठी मोकळा केला होता. मी ओट्यावरून चढलो, भागा ओट्यावरूनच कॅरिअरवर बसली, पापडांचं बोचकं मांडीवर घेतलं, आणि जमिनीला कोणाचाही पाय न लागता आम्ही निघालो. सगळं गाव मागं आलं. आबा काठी टेकत सगळ्यांच्या पुढं.

नदीपर्यंत उतार आहे. उतारावर माझ्यासारखा सायकलवाला नाही. बायका पदर सावरत पळत होत्या, मागून कानात हळूच आवाज आला, "जरा धीरे," आणि मला एकदम वाटलं की आपण काहीतरी आहोत. ते वाटणं वाळूपर्यंत टिकलं.

वाळूत चाक रुतलं. सायकल डावीकडे कलली. पण मी पडलो नाही. दोन्ही पाय जमिनीवर रोवून मी सायकल उभी धरली, भागा वरच. (ओट्याशिवाय उतरायची रीत मला इथं सापडली, पण ती कोणाला सांगण्याची ती वेळ नव्हती.) शीव म्हणजे नदी, हे मी धरूनच चाललो होतो. आमच्या गावाकडे नालाच शीव असतो. तेव्हा पलीकडचा काठ गाठायचा, मधे तिचा पाय टेकू द्यायचा नाही. मी सायकल ढकलू लागलो.

मागं गाव थांबलं होतं. आबा एका चुना फासलेल्या दगडापाशी उभे राहून काठी हलवत होते आणि ओरडत होते, "जवाईबापू, उतारा तिले. आते उतारा."

मी मनात म्हटलं, बरोबर. आता मला घाबरवायचं, माझ्या हातून तिला उतरवायची, आणि लेक घरी न्यायची. मी मागं न बघता जोर लावला. भागा म्हणाली, "अहो..." मी म्हणालो, "घट्ट धर." (बायकोला एवढ्या माणसांसमोर मी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्याची लाज मला दुसऱ्या दिवशी वाटली.)

पाण्याची धार गुडघाभर होती. मधोमध चाक दोन दगडांत अडकलं, ते पुढं जाईना, मागं येईना. साखळी निघून पाण्यात लोंबू लागली. मागून आबांचा आवाज वाढला होता, आता सगळा गावच हात हलवत होता. हँडल माझ्या हातातून निसटायला लागलं. अधिक महिन्याचे सगळे अनारसे माझ्या डोळ्यांपुढं आले.

मी पाठ वाकवली. "बस," मी म्हणालो.

"कोठे?"

"पाठीवर."

आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नवरा बायकोकडे बघतसुद्धा नाही. मी तिला पाठुंगळी घेतली, भर दुपारी, सासुरवाडीच्या डोळ्यांदेखत. तिनं पापडांचं बोचकं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि एका हातानं धरलं. सायकल मागं धाडकन पाण्यात पडली. मी वळलो नाही. पाणी ओलांडलं, वाळू ओलांडली, पलीकडची दरड धापा टाकत चढलो, आणि काठावरच्या बाभळीखाली पोचून मग मागं पाहिलं.

पलीकडे सगळं गाव त्या दगडापाशीच उभं होतं. मग आबांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हवेत फिरवलं, आणि त्यांच्यामागं बायका, म्हातारे सगळे हसायला आणि हात वर करायला लागले. माझ्यासाठी कोणी मुंडासं फिरवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. (सायकल तिसऱ्या दिवशी पाचोऱ्याला आली. आबांनी ती बैलगाडीत घालून पाठवली, हँडलला नव्यानं कुंकू लावून.)

"बघितलंस," मी भागाला म्हणालो. मला दम लागला होता, तरी छाती फुगली होती. "किती ओरडत होते, तरी शीव येईपर्यंत तुझा पाय टेकू दिला नाही मी."

"शीव तं मांगेच ऱ्हायनी," ती कानाशी म्हणाली. "तो चुन्याना दगड, आबा उभा शेतस ना, ती शीव. वाळू लागाना आधी. म्हणून तं आबा सांगी ऱ्हायंतात, उतारा म्हनीसन."

मी दगडाकडे पाहिलं. दगडापासून इथपर्यंतची वाळू पाहिली. पाणी पाहिलं.

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीन इचारं का?"

मी रस्त्याकडे तोंड केलं. ऊन मी म्हणत होतं, आणि समोर नुसती पांढरी वाट दिसत होती. माझ्या डोक्यावरचं बोचकं तिनं जरा नीट बसवलं, माझ्या गळ्याभोवतीचा हात सैल करून पुन्हा घट्ट केला, आणि पाठीवरूनच विचारलं,

"पाचोरा आनखी कितलं दूर शे?"