माल्टा वर, फिजी खाली

१९७८ साली माल्टाची रेषा अचानक खाली का आली आणि फिजीची वर का गेली, हे श्रीपाद सरांना तीन दिवस उलगडेना. सर वेंगुर्ल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत. कुडाळच्या शिक्षक संमेलनात त्यांना या दोन लहान देशांच्या कागद-पुठ्ठ्याच्या आयातीवर बोलायचं होतं. वीस वर्षांत कुणी किती किमतीचा माल आणला, त्याची तुलना. विषय त्यांनीच निवडला होता. दुसऱ्या कुणी निवडला नसता.

आकडे त्यांच्या पत्नीने, कावेरीबाईंनी उतरवून दिले होते. सरांना मोतीबिंदू, बारीक छपाई वाचता येत नसे, आणि आकडेवारीचा जाडजूड ग्रंथ पणजीहून जेमतेम आठ दिवसांसाठी मिळालेला. शिमग्याच्या दिवसांत बाईंनी सगळे आकडे वहीत लिहून काढले. वैशाखात त्यांच्या डोक्यात गाठ निघाली, श्रावणात त्या गेल्या. तेव्हापासून, मुलगी शेवंती कामावर गेली की, सरांच्या सोबतीला माल्टा आणि फिजीच उरत.

चौथ्या दिवशी सरांना कारण सापडलं.

"फिजीत शाळा वाढल्यो, आणि माल्टातल्या लोकांनी पत्रां लिवची सोडली," त्यांनी जाहीर केलं.

"अण्णा, ह्यां कोणी सांगल्यान तुमका?" शेवंतीने विचारलं.

"आकडेच सांगतत गो!"

मग आलेखासाठी मोठा पुठ्ठा हवा होता. पुठ्ठ्यावर भाषण, पण अख्ख्या वेंगुर्ल्यात तेवढा पुठ्ठा मिळेना. शेवटी काजूच्या कारखान्यातला खोका उलगडून सरांनी त्यावर दोन रेषा काढल्या.

संमेलनात भाषण रंगलं. माल्टाला कुणीच गेलेलं नसल्यामुळे तिथल्या लोकांच्या पत्रलेखनाविषयी कुणाची तक्रार नव्हती. टाळ्या पडल्या. मग अध्यक्ष गुरुदास सामंत चष्मा पुसत आलेखापाशी आले.

"सर, एक विचारू? १९७८ पासून ही दोन नावं अदलाबदल करून बघा बरं."

सरांनी बघितलं. दोन्ही रेषा सरळ, शहाण्यासारख्या, एकमेकींना न शिवता पुढे गेल्या. शाळाही गेल्या, पत्रंही गेली. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसलं.

"आकडे कुणी उतरवले?" सामंतांनी विचारलं.

"मीच," सर म्हणाले. "चूक माझी आहे."

घरी येऊन त्यांनी वही शेवंतीपुढे ठेवली. १९७७ पर्यंत सगळं चोख. पुढे माल्टाचे आकडे फिजीखाली, फिजीचे माल्टाखाली.

"तुज्या आवशीची अशी चूक होणा नाय कधी."

शेवंतीने दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं.

"अण्णा, आईन त्या दिवशी तुमका सांगलेला. रकाने हलतत, एकातलो आकडो दुसऱ्यात जाता म्हणान."

"माका? मगे मी काय म्हटलंय?"

"पट्टी धर म्हटलास."

"धरल्यान मां मगे?"

"धरलेली. पण तुमका आलेखाच्या कागदार रेषा मारूच्यो होत्यो. तुमी पट्टी काढून घेतलास."

सर उठले. पडवीपर्यंत गेले, खांबाला हात लावून उभे राहिले आणि परत आले.

"तेवा ती रागावली काय गो?"

"नाय," शेवंती म्हणाली. "हसली."